स्टुडिओचं दार वजनी केलं तरी आवाज येतोच: नवं दार करण्याआधी काय तपासायचं

मी सुतार आहे. दिवाण, देवघर, दारं-खिडक्या हे नेहमीचं काम. पण अलीकडे घरगुती रेकॉर्डिंगच्या खोल्यांची दारं हे एक वेगळंच खातं उघडलं आहे. वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या आमच्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो. त्याच्या आधी नाटकांच्या जाहिराती, गाणी, पार्श्वसंगीत यांची घाई. एरवी भजनं, भीमगीतं, लग्नाची गाणी आणि यूट्यूबवाली पोरं. खोली घरातलीच, माइक चांगला घेतलेला, आणि तक्रार ठरलेली: "भाऊ, दार एवढं वजनी केलं, अन् कोंबडा अजून गाण्यात आरवूनच राहिला."

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, आणखी जाड दार केलं तर? बहुतेक वेळा माझं उत्तर 'नको' असतं. हवा जिथून जाते तिथून आवाज जातो. हवेची वाट बंद केल्याशिवाय दाराचं वजन वाढवणं म्हणजे पैसा वाया. म्हणून तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे करायची, आणि वजनाचा नंबर अगदी शेवटी लावायचा.

आधी लक्षण ओळखा

बाहेर ओट्यावर दोघं बोलत बसले आहेत आणि आत शब्द न् शब्द कळतो, तर कुठेतरी फट आहे. शब्द ज्यांच्यामुळे कळतात ते स, श, च, ट असे आवाज उंच पट्टीचे असतात. त्यांच्या लहरी आखूड. ४,००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. बारीक फटीतूनही ती आरामात आत येते.

शब्द कळत नाहीत, नुसतं घुमतं, ट्रॅक्टरची धडधड किंवा वरातीच्या डीजेचा बास छातीत जाणवतो, तर गोष्ट वेगळी. ५० हर्ट्झची लहर सुमारे ७ मीटर लांब असते. ती फटीची वाट बघत नाही, आख्खं दार, भिंत, छप्पर हलवून येते. ही तक्रार दाराच्या कडांना रबर लावून जात नाही.

दार उघडं ठेवा की लावा, रेकॉर्डिंगमध्ये फरकच पडत नाही, तर आवाज दारातून येतच नाही आहे.

आधी ठीक होतं आणि काही महिन्यांनी बिघडलं, तर पल्ला, म्हणजे दाराची उघडझाप होणारी फळी, खाली बसला असेल किंवा रबर चपटं झालं असेल. ऑगस्टात दार घासतं आणि एप्रिल-मेमध्ये आवाज येतो, तर तो लाकडाचा स्वभाव. आणि ढोलकीवर जोरात थाप पडली की दारच खुळखुळ वाजतं, तर कडी किंवा लॅच ढिली आहे. तिचा पाना-पेचकस घरातच असेल.

ही लक्षणं एकावर एक चढलेलीही सापडतात. मग जे सर्वांत स्वस्तात सुटतं तिथून सुरुवात करायची.

दोष दाराचाच आहे का?

याला लागते एक रुंद खाकी टेप, पार्सलवर लावतात तीच. बाहेर दारापासून दोन-तीन हातांवर मोबाइल किंवा ब्लूटूथ स्पीकर ठेवा आणि बातम्या किंवा कीर्तन, काहीही बोलण्याचा आवाज लावा. आत माइकची जागा आणि गेन (माइक आवाज किती वाढवून घेतो ते बटण) ठरवून एक मिनिट रेकॉर्ड करा. मग आतून दार लावून चारही बाजूंच्या फटींवर, खालच्यासुद्धा, टेप चिकटवा. बिजागरीची बाजू आणि किल्लीचं भोक सोडू नका. गेनला हात न लावता पुन्हा एक मिनिट.

दुसरं रेकॉर्डिंग स्पष्ट शांत आलं, तर तुमचं दार वाईट नाही, त्याच्या कडा वाईट आहेत. दोन्ही सारखीच आली तर दाराकडे पाठ करा आणि खोलीभर नजर फिरवा. टेपने थोडाच फरक पडला, तर दोन्हीकडे काम आहे.

आमच्याकडे दाराऐवजी सापडणारा पहिला गुन्हेगार म्हणजे कुलरची खिडकी. विदर्भात कुलरशिवाय उन्हाळा काढणं कठीण, त्यामुळे खोलीला एक खिडकी अशी असतेच की तिच्या बाहेर लोखंडी स्टँडवर कुलर उभा असतो आणि हिवाळ्यात तिथे पुठ्ठा किंवा थर्माकोल ठोकलेला असतो. दाराला सागवान आणि खिडकीला पुठ्ठा! रेकॉर्डिंगच्या खोलीतून ती खिडकी कायमची विटांनी बंद करा. जमत नसेल तर दोन थरांच्या प्लायची, कडांना रबर लावलेली झडप करा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी ती घट्ट लावा.

दुसरा गुन्हेगार छपराखाली. भिंत संपते आणि टिन सुरू होतं तिथे वीतभर उघडी जागा असते, चिमण्या जायच्या-यायच्या तीच. कवेलूचं छप्पर असेल तर सगळं छप्परच फटींचं. वर स्लॅब नाही आणि खाली छतही बांधलेलं नाही, अशा खोलीच्या दारावर मी काम घेत नाही. आधी छत करा, त्यातून पैसा उरला तर दार.

मग छोट्या जागा बघा: झरोका, एसीच्या पाइपचं भोक, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड. आणि चौकटीच्या कोपऱ्यात हेडफोनच्या दोन वायरींसाठी पाडलेलं इंचभर भोक. वायर बारीक, भोक मोठं, उरलेल्या जागेतून अंगणातलं सगळं आत.

उजेड आणि कागद

फटच आहे असं ठरलं की ती नेमकी कुठे ते शोधायचं. रात्री आत मोबाइलचा टॉर्च लावा, बाहेरचा दिवा बंद करा, आणि बाहेरून चौकटीच्या कडेकडेने डोळा फिरवा. उजेडाची रेघ दिसली तिथे पेन्सिलने खूण करा.

पण उजेड सरळ जातो आणि आवाज वळून जातो. म्हणून उजेड दिसला नाही याचा अर्थ फट नाही असा धरू नका. खाचेत बसणारं दार असेल तर उजेड खाचेच्या कोपऱ्यात अडतो, हवा मात्र वळसा घालून पार होते. त्यासाठी कागदाची परीक्षा. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या, त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. पट्टी चौकट आणि पल्ला यांच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी हळू ओढा. ओढताना रबराने धरल्यासारखी लागली पाहिजे. सुळकन निघाली तर तिथे रबर टेकतच नाही. दर वीतभर अंतरावर हे करा, चारही बाजूंनी. बिजागरीच्या बाजूला पट्टी फाटेल इतकी घट्ट आणि कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात सैल, हे चित्र वारंवार दिसतं. तसं दिसलं तर रबर विकत आणायच्या आधी खाली बिजागरीचा भाग वाचा.

खालची फट

इथे मी जरा थांबणार आहे, कारण निम्मं भांडण इथलंच असतं.

तीन बाय सातचं दार म्हणजे साधारण ९०० बाय २,१०० मिलिमीटर. त्याच्या खाली १० मिलिमीटर फट असेल, तर ती दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या अर्धा टक्का. ऐकायला काहीच नाही. पण एवढी उघडी जागा असली की पल्ला लाकडाचा असो, लोखंडाचा असो, नाहीतर काँक्रीटचा, सगळं मिळून २३ डेसिबलच्या आसपासच आवाज अडतो. फट ३ मिलिमीटरवर आणली तर हीच मर्यादा २८ वर जाते. शेजारची दोन्हीकडून प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत ५० च्या आसपास अडवते. कानाच्या हिशेबात १० डेसिबल कमी म्हणजे आवाज साधारण निम्मा वाटतो. आता जाड पल्ल्यावर किती खर्च करायचा आणि खालच्या १० मिलिमीटरवर किती, हे तुम्हीच ठरवा.

जुन्या घरांना उंबरठा असायचा आणि खालची बाजू आपोआप झाकली जायची. टाइल्स आल्या, उंबरठे गेले. रेकॉर्डिंगच्या खोलीला मी तो परत बसवतो: १५ ते २० मिलिमीटर उंचीची दगडाची किंवा कठीण लाकडाची पट्टी, खाली सिमेंट किंवा सिलिकॉन सलग भरून. पल्ला तिच्या वरून जाऊ द्यायचा नाही, तिला येऊन टेकला पाहिजे, आणि टेकतो तिथे इतर तीन बाजूंसारखंच रबर. चारही बाजू एकाच पद्धतीने बंद झाल्या की दाराचं निम्मं काम झालं. घरच्या बाई हळद-कुंकवाला जागा झाली म्हणून खूश होतात, तो वरचा फायदा.

हार्मोनियमची पेटी, अ‍ॅम्प्लिफायर चाकांवरून न्यायचे असतील किंवा घरात म्हातारं माणूस असेल, तर उंबरठा अडचणीचा. तिथे ड्रॉप सील लावतात. पल्ल्याच्या खालच्या कडेत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसते, दार लागताना बिजागरीकडचं बटण चौकटीवर दाबलं जातं आणि रबर खाली उतरतं. वस्तू चांगली आहे, पण जमीन सपाट हवी. कोटा किंवा शहाबादी लादीचा सांधा नेमका दाराखाली आला की त्या खोबणीतून आवाज जातोच. आधी सांधा भरून घासून घ्या, मग सील.

ब्रशची पट्टी लावू नका. ती धूळ आणि विंचू अडवते, आवाज नाही. केसांमधून हवा जाते. कापडाची जाड गुंडाळी करून दाराखाली सारणं हा निदान फुकटचा उपाय आहे. तात्पुरता चालतो, एखादं गाणं निभावून नेतो.

रबर

किराणा-हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्पंजची चिकटपट्टी स्वस्त असते आणि पहिले दोन महिने जादू वाटते. मग आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा येतो, डिंक सुटतो, स्पंज चपटा होतो तो पुन्हा फुगत नाही. शिवाय मऊ स्पंजला आरपार भोकं असतात. तोंडाला लावून फुंकर मारून बघा. फुंकर पार गेली तर आवाजही जाणार.

घ्यायचं ते ईपीडीएम रबर, पोकळ नळीच्या किंवा इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं. गाड्यांच्या दारांना याच जातीचं असतं, त्यामुळे गावात नाही मिळालं तर तालुक्याच्या गाडीच्या सीट-कव्हरवाल्याकडे विचारा. दार लागल्यावर ते आपल्या जाडीच्या पाव ते निम्मं दबलं पाहिजे. त्याहून कमी दबलं तर फट राहते, जास्त दबलं तर दार लागत नाही आणि माणसं लाथेने लावायला लागतात, की बिजागरी गेलीच.

लावताना तीन गोष्टी. चौकटीवरचा तेलकट थर स्पिरिटने पुसून घ्या. कोपऱ्यात रबर तुटू देऊ नका. तिथे ४५ अंशांत कापून सिलिकॉनने जोडा, कारण कोपऱ्यातला बोटभर मोकळा तुकडा बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. आणि पुढच्या वेळी घराला रंग देताना पेंटरला आधीच बजावा की रबरावर ब्रश फिरवायचा नाही. ऑइलपेंट बसला की ते कडक होतं.

जमलं तर रबराच्या दोन ओळी करा, एक खाचेत आणि एक बाहेरच्या पट्टीवर. एकीत कुठे उणीव राहिली तरी दुसरी झाकते.

बिजागरी आणि कडी

दार अर्धं उघडा. मुठीकडची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला. खटकन आवाज आला किंवा पल्ला वर-खाली हलला, तर तो बसला आहे. बसलेला पल्ला वरच्या कोपऱ्यात चौकटीपासून सुटतो आणि खाली जमिनीला घासतो. म्हणून कागदाची पट्टी वर सैल, खाली घट्ट.

चौकटीत स्क्रू नुसते फिरत असतील तर ते मोठे करण्याआधी भोक भरा. लाकडाची खुंटी फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी नवं भोक पाडून किमान ५० मिलिमीटरचा स्क्रू द्या. भरीव पल्ल्याचं साधं फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट, थर चिकटवून केलेलं दार, ३५-४० किलोचं असतं, त्याला तीन बिजागऱ्या ठीक. वर प्लायचे थर चढवले की चार लागतात, पाच इंची आणि बेअरिंगच्या, त्यातल्या दोन वरच्या भागात जवळजवळ, कारण ओढ वर असते.

कडीचं काम दार बंद ठेवणं एवढंच धरू नका. रबर दाबून ठेवणं हे तिचं खरं काम. एकच लॅच मध्यभागी असेल तर वरचा आणि खालचा कोपरा सुटलेला राहतो. वर-खाली दोन टॉवर बोल्ट (सरकत्या कड्या) लावा आणि त्यांची भोकं अशी पाडा की बोल्ट सरकताना पल्ला एक-दोन मिलिमीटर आत ओढला जाईल. शीतगृहाच्या दाराला असतो तसा ओढून धरणारा हँडल मिळाला तर फारच छान. आरपार किल्लीचं कुलूप काढून टाका, ते भोक भरा.

बाहेरची कडी-कोयंडा मात्र कृपा करून ठेवू नका. आवाज बाहेर जाऊ नये अशीच खोली तुम्ही बांधली आहे. पोरांनी गमतीने बाहेरून कडी लावली तर आतला माणूस ओरडलेला कोणाला ऐकू येणार? दार आतून एका हाताने, अंधारातही उघडता आलं पाहिजे.

चौकटीच्या मागची पोकळी

आता खर्च आणि धूळ दोन्ही सुरू होतात. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर बोटाच्या गाठीने टकटक करत वरपासून खाली या. भरीव जागी ठक्क वाजतं, पोकळ जागी डबडब. पोकळ वाटलं तिथली बीडिंगची पट्टी पातळ पटाशीने अलगद काढा. आत काय सापडतं म्हणता? सिमेंटच्या गोणीचा चुरगळलेला कागद, विटांचे तुकडे, खर्ऱ्याची पन्नी, आणि त्याच्यावरून हात फिरवल्यासारखा प्लास्टरचा पापुद्रा. चौकट होल्डफास्टवर, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर, घट्ट उभी असते, त्यामुळे हलत नाही. पण तिच्या मागे वरपासून खालपर्यंत एक बोगदाच असतो. बाहेरून सगळं कसं देखणं.

कचरा काढा, जागा ओली करा, कमी पाण्याचा सिमेंट-वाळूचा माल पट्टीने ठोकून ठोकून भरा. बोटभरापेक्षा अरुंद फट असेल तर आत रॉकवूल (दगडापासून केलेला लोकरीसारखा भराव) ठासून दोन्ही तोंडांना सिलिकॉन. स्प्रेचा पीयू फोम लोकांना फार आवडतो, फुगतो, दिसायला भरलेलं दिसतं. हवा तो अडवतो हे खरं, पण वजन त्याला काहीच नाही, आणि आग लागली तर पेटतो. भराव म्हणून वापरलाच तर दोन्हीकडून माल किंवा सिलिकॉन देऊन झाका.

चौकट पत्र्याची असेल तर ती आतून पोकळ असते, ढोलासारखी वाजते. बसवतानाच आत माल भरून घ्यायला हवा असतो. बसवून झाली असेल तर वरच्या बाजूला भोक पाडून पातळ माल ओततात; हे काम गवंड्याचं, आणि त्या चौकटीत बेल किंवा दिव्याची वायर गेलेली नाही हे पाहूनच.

लाकडाचा स्वभाव

आलापल्ली-बल्लारशाचं सागवान जगात नावाजलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये इकडचंच लाकूड गेलं. त्यामुळे हौसेने माणूस स्टुडिओलाही सागाच्या फळ्या जोडून दार करतो. पण साग कितीही उत्तम असला तरी लाकूडच. आमच्याकडे मेच्या दुपारी हवा कोरडी ठक्क आणि ऑगस्टात ओलीचिंब. तीन फूट रुंदीचा जोडफळ्यांचा पल्ला या दोन टोकांमध्ये रुंदीत पाच-सात मिलिमीटर सहज हलतो. उंचीत जवळपास नाही, कारण लाकूड रेषांच्या आडवं फुगतं-आकसतं, रेषांच्या दिशेने नाही.

म्हणून ऑगस्टात दार अडकलं की लगेच रंधा मारायचा नाही. तेव्हा जे छिलाल ती मेमध्ये फट होऊन समोर उभी राहील. आधी बघा, घासतंय ते बिजागरी बसल्यामुळे तर नाही? नसेल, तर पावसाळा सरेपर्यंत कडेला मेणबत्ती घासून काम चालवा. दिवाळीच्या सुमारास हवा उतरली की गुण्या लावून मोजा आणि तेव्हाही घासत असेल तर तेवढंच छिला. छिलल्यावर ती कड त्याच दिवशी पॉलिश किंवा सीलरने बंद करा. वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून रंगवणारे सोडतात, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. पल्ला काढून त्या दोन्ही कडांना हात द्या.

नवंच करायचं असेल तर माझं मत सरळ आहे: बाहेरच्या मुख्य दाराला साग लावा, शोभेल. रेकॉर्डिंगच्या खोलीला भरीव फ्लश दार. थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते फार हलत नाही, आणि जे हलत नाही त्यालाच रबर बारा महिने नीट टेकतं.

वजन

इथपर्यंत सगळं केलं, टेपच्या परीक्षेत आता फरक दिसत नाही, शब्द गेले आणि फक्त घुमणं उरलं, तर वजनाची पाळी आली. पल्ल्यावर टकटक करा. मध्ये पोकळ वाजत असेल तर ते आत पुठ्ठ्याच्या जाळीचं हलकं दार आहे, त्याच्यावर थर चढवण्यापेक्षा ते बदला.

भरीव असेल तर दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचं प्लाय स्क्रू आणि फेविकॉलने सलग चिकटवा. ३५-४० किलोचा पल्ला ७५-८० किलोवर जातो. वजन दुप्पट झालं की साधारण ५ ते ६ डेसिबल जास्त अडतात, त्याहून चमत्कार नाही. पुढचे ५-६ हवे असतील तर दीडशे किलो करावं लागेल, आणि ते चौकटही पेलणार नाही, घरातली माणसंही. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी) वजनाला चांगलं, पण ओलीला फुगतं. पावसाचा झोत येतो अशा दाराच्या बाहेरच्या बाजूला ते नको.

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, डोंगर-दऱ्यांच्या आकाराचा फोम हे दारावर चिकटवून आवाज अडत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, तेवढ्यासाठी लावा. ट्रे तर तेही धड करत नाहीत, झुरळं मात्र पोसतात. आणि हे सगळं पटकन पेट घेणारं सामान आहे, बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर ते लावणं मला पसंत नाही.

एकाच दारावर वजन चढवत बसण्यापेक्षा दुसरं दार लावा. नऊ इंची भिंत असेल तर एक पल्ला आतल्या तोंडाला आणि एक बाहेरच्या, आत-बाहेर उलट उघडणारे, मध्ये चार-पाच इंच हवा. दोन्ही साधी भरीव फ्लश दारं, दोन्हींना चारही बाजूंनी रबर. एका भयंकर जाड दारापेक्षा ही जोडी जास्त अडवते आणि बिजागऱ्याही वर्षानुवर्षं टिकतात. उघडताना दोनदा हात लावावा लागतो, एवढीच कटकट.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरपी भेग गेली असेल आणि ती वाढत असेल, तर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) किंवा पाया बोलतो आहे. रबर, रंधा सगळं बाजूला ठेवा. आधी बांधकामाचा इंजिनिअर. मातीच्या भिंतीतली चौकट हलत असेल तर तिच्यावर ८० किलोचा पल्ला टांगायचा नाही, गवंड्याला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

छपराला किंवा छताला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल, करवत लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की कायमची. ते काम त्यातल्या जाणकारानेच करावं.

चौकटीजवळ वायर आहे की नाही कळत नसेल तर वायरमन.

फटी बुजल्या, दोन दारं झाली, तरी गिरणीची किंवा बोअरच्या मोटरची धडधड जमिनीतून येतच असेल, तर ती दाराने कधीच थांबणार नाही. त्याला खोलीच्या आत जमिनीपासून सुटी खोली बांधावी लागते, आणि तो हिशेब माझ्यासारख्या सुताराचा नाही. नागपुरात ध्वनीचं काम करणारे सल्लागार मिळतात, त्यांची फी आधी भरा, लाकूड नंतर घ्या.

खोली इतकी बंद झाली की हवेचं बघावंच लागतं. चार भजनी आणि एक रेकॉर्डिस्ट तासभर बसले की डोकं जड होतं. दर गाण्यानंतर दोन्ही दारं उघडा. कायमची सोय हवी असेल तर आतून फोम लावलेला, वळणं घेत जाणारा हवेचा डक्ट एसीवाल्याकडून करून घ्या. जनरेटर दार किंवा डक्टच्या तोंडाजवळ कधीही चालवू नका, त्याचा धूर बंद खोलीत जीव घेतो.

सल्लागाराला फोन करण्याआधी टेप लावण्याआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग, खोलीची लांबी-रुंदी-उंची, भिंतीची जाडी, छप्पर कशाचं, आणि त्रास देणारा आवाज दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, एवढं लिहून ठेवा. एवढ्यावर तो निम्मं फोनवरच सांगतो, गाडीभाडं वाचतं.